किनाबालूला निघालेल्या तीन जावा

किनाबालू चढायला आम्ही तिघी जावा मलेशियाला जाणार, ही बातमी कोडोलीच्या घरात मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा सासरे जेवत होते. तोंडातला घास त्यांनी संपवला. मग पाणी पिऊन म्हणाले, "तिथं देव कुठला?"

"देव नाही मामा. नॅशनल पार्क आहे. जंगल आणि डोंगर."

"देव न्हाई आन् डोंगर चढायचा?" त्यांनी ताटातच हात धुतले. "ज्योतिबा हाय की हितं."

त्यानंतरचे कितीतरी महिने मी या एका वाक्याशी भांडत होते. किनाबालूला जाऊन आलेल्या लोकांची वर्णनं मी ढिगानं वाचली. ती सगळी डोंगराच्या पायथ्याशी सुरू होतात. लिहिणाऱ्यांना सासर नसावं, किंवा असलं तरी त्यात म्हशी नसाव्यात. आमचा चढ कोडोलीतच सुरू झाला आणि त्यातला सगळ्यात अवघड टप्पा गोठ्यातला होता.

आधी माणसं सांगते. आम्ही तिघी सख्ख्या भावांच्या बायका. थोरली मंगल. तिचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या अगदी कडेला, त्यामुळे ती आमच्यात आली ती 'अक्का' होऊनच. पन्नाशी ओलांडलेली, आणि घरच्या सगळ्या म्हशी तिच्या ताब्यात. मधली मी, उज्ज्वला. मी नवऱ्याबरोबर कोल्हापुरात राहते आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहे. ठरलेल्या दिवशी ठरलेला माल यावा म्हणून लोकांच्या मागे लागणं, हे माझं काम. धाकटी प्रीती कोडोलीत ब्यूटी पार्लर चालवते, आणि या सगळ्याचं मूळ तीच.

एका गिऱ्हाइकाचे केस रंगवून वाळायला ठेवले असताना प्रीतीनं मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. ढगांच्या वर आलेला काळाकरडा खडक आणि त्यावर दोरी धरून चढणारी माणसं. तिनं तो मला पाठवला, खाली लिहिलं, 'वैनी, जाऊया?' तिनं ते 'जेवलीस का' म्हणावं तितक्या सहज लिहिलं होतं. पण मी लग्नाआधी सह्याद्रीत खूप हिंडले होते आणि नंतर पोरं, नोकरी, सासर यांत ते सगळं राहून गेलं होतं. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचेपर्यंत मनाशी ठरवूनही टाकलं.

किनाबालू चार हजार मीटरच्या वर आहे. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवायची आणि वर आणखी अर्धी. विषुववृत्त इतकं जवळ की पायथ्याला केळी, आणि शिखरावर एखाद्या सकाळी बर्फाचा पापुद्रा. निम्म्याच्या वर एका ठिकाणी मुक्काम करावाच लागतो. तिथल्या खाटा मोजक्या. खाट मिळाली तर परवाना, परवाना असेल तर गाईड, आणि गाईड बरोबर असेल तरच फाटकातून आत. ही साखळी वाचून मला आनंद झाला. हे तर आपलं रोजचं काम, असं मला वाटलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की परदेशातल्या खाटा मिळवणं सोपं असतं, आपल्या घरातली माणसं एका तारखेला मोकळी मिळवणं अवघड.

सासूबाईंनी अट घातली. "थोरली संगं आसंल तर जावा." थोरली म्हशी सोडून हलणार नाही, तेव्हा विषय आपोआप मिटेल, असा त्यांचा हिशेब. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं आणि माझा चेहरा पडला.

अक्का चुलीपाशी दूध गाळत होती. वर न बघता म्हणाली, "जातो की. ह्या दोघींस्नी तिथं कोण सांभाळायचं?"

आमच्या कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' म्हणतात. बाहेरच्यांना ऐकायला गंमत वाटते. मला त्या दिवशी त्यातला फक्त 'जातो' ऐकू आला. त्या दिवसापासून निघेपर्यंत घरात, गल्लीत, डेअरीत जो भेटेल त्याला अक्का एकच गोष्ट सांगायची: मला कसली हौस न्हाई, पोरींच्यासाठी जातोय. पोरी म्हणजे आम्ही. त्यातली एक सेहेचाळीस वर्षांची.

मग सुरू झालं तारखांचं. पावसाळा आणि सणवार सोडून तीन खाटा एकत्र दिसत होत्या त्या मार्चमधल्या एकाच दिवशी. मी त्या लगेच धरल्या. प्रीती म्हणाली, मुलाची परीक्षा आहे. मुलगा दुसरीत होता. थोरले दीर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते म्हणाले की ऊसतोडीची टोळी नेमकी त्याच आठवड्यात येणार. टोळी कधी येणार हे साखर कारखान्यालासुद्धा छातीठोक सांगता येत नाही, पण माझ्या तारखेला येणार हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं. आणि वर अक्का म्हणाली, "चंद्री गाभण हाय. ती व्याली की मग जाऊ."

"कधी विणार ती?"

"आता ते ती सांगती व्हय?"

मी ऑफिसात पुरवठादारांना दम देते. इथं एका म्हशीपुढं हात जोडून उभी राहिले. चंद्रीचे उपकार, तिनं फेब्रुवारीतच रेडी दिली.

पासपोर्टाचं सांगायला बसले तर हा लेख तिथंच संपेल. शाळेच्या दाखल्यावर अक्काची एक जन्मतारीख, आधारवर दुसरी, आणि तिच्या आईच्या मते ती बेंदराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी जन्मली, साल कुणास ठाऊक. चौकशीला पोलीस आले तेव्हा अक्का वैरण आणायला गेली होती आणि सासऱ्यांनी त्यांना चहा पाजून सांगितलं, "तशी ती कुठं जाणार न्हाई बगा." कोल्हापुरातल्या एका प्रवास कंपनीत चौकशीला गेले तर टेबलापलीकडचा माणूस कळवळून म्हणाला, "मॅडम, डोंगर कशाला? तेवढ्यात सिंगापूर आणि थायलंड करून देतो की. रोज आमटी-भात." शेवटी सगळं मीच केलं. विमानं, हॉटेलं, विमा, पायथ्याचा मुक्काम. कुठला कपडा कुणी आणायचा हेसुद्धा.

सराव पन्हाळ्यावर. कोडोलीहून पन्हाळा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मी दर रविवारी भल्या पहाटे कोल्हापुरातून स्कूटरनं यायची. प्रीती नव्या बुटात, नव्या टोपीत, आणि प्रत्येक वळणावर मोबाईल काठीला लावून. अक्का साडी खोचून, चपलेवर, आणि तिला वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस ओळखीचा. "पावणं, कुठलं गाव?" इथून सुरू झालं की पाव्हण्यांच्या मेव्हण्याच्या आजारपणापर्यंत जायचं. मी वर जाऊन खाली येईपर्यंत ह्या दोघी निम्म्यात. बूट घालायला अक्का तयारच नव्हती. "पाय बांधल्यागत हुतंय." शेवटी सवय व्हावी म्हणून ती बूट घालून शेणघाण काढायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी ते बूट मी ब्रशनं घासत बसले होते आणि शेजारी उभी राहून ती मला सांगत होती, कुठं शेण राहिलंय.

कोटा किनाबालू

विमानांचं काही सांगत नाही. विमानं सगळीकडे सारखीच. कोटा किनाबालू हे बोर्निओ बेटावरचं समुद्राकाठचं शहर. हॉटेलात पोचून बॅग उघडली तर अक्कानं बांधून घेतलेल्या कांदा-लसूण चटणीची पिशवी फुटलेली. माझे थंडीचे कपडे, हातमोजे, टोपी, सगळं लालभडक. मी दोन वेळा बजावलं होतं, चटणी डब्यात घाला. अक्का म्हणाली, "डबा जड हुतो की. आन् चटणी चांगली हाय, वास बग." वास बघायची गरज नव्हती. लिफ्टपर्यंत येत होता. पुढे सगळा डोंगर मी फोडणीसारखी वास मारत चढले.

सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर एक माणूस पराठ्याची कणीक हवेत भिरकावून रुमालासारखी पातळ करत होता. सोबत वाटीत डाळीची आमटी. त्याला ते रोटी चनाई म्हणतात. दुकानदार मूळचा तमिळ, तिथल्या तिसऱ्या पिढीचा. अक्कानं त्याला सरळ कानडीत काहीतरी विचारलं, त्यानं तमिळमध्ये उत्तर दिलं, आणि दोघांचं छान जमलं. तिनं तिसरा पराठा मागवला. माझ्या बेताप्रमाणे आम्ही त्या वेळी डोंगराच्या पायथ्याकडे निघालेल्या बसमध्ये असायला हवं होतं. बस गेली. प्रीतीनं बस जातानाचा व्हिडिओ केला.

कुंदासांग

पायथ्याचं गाव कुंदासांग. हवा महाबळेश्वरची, रस्त्याकाठी कोबी आणि भाज्यांच्या टपऱ्या, आणि वर मान केली की तो. करवतीसारखे दात काढलेला, अंगावर झाड नाही, गवत नाही. सकाळी काही वेळ स्वच्छ दिसतो, मग ढग ओढून घेतो. मी गाडीतून उतरून त्याच्याकडे बघत उभी राहिले. व्हिडिओत तो एवढा नव्हता. भीती वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदम. कुणाशी तरी बोलावं म्हणून मागे वळले, तर अक्का रस्त्यापलीकडच्या कुरणाकडे बघत होती.

"उज्ज्वला, गाई!"

तिथं एक मोठा डेअरी फार्म आहे. हिरवंगार कुरण, त्यात काळ्यापांढऱ्या गाई, आणि मागे किनाबालू. लोक फोटो काढायला येतात. तो दिवस मी विश्रांतीचा ठेवला होता. उंचीची सवय व्हावी, भरपूर पाणी प्यावं, पाय वर करून पडावं. तो सगळा दिवस मी गोठ्यात दुभाषी म्हणून काढला.

"इचार, दुधाला फॅट किती लागतंय."

मी विचारलं. तिथल्या बाईनं सांगितलं.

"इचार, खुराक काय घालतात. आन् ही तिकडची लंगडती का?"

गाय खरंच लंगडत होती. त्या बाईनं अक्काकडे जरा निरखून बघितलं आणि मग दोघी कुंपणापाशी जाऊन हातवारे करत बोलायला लागल्या. माझी गरज उरली नाही. प्रीती आइस्क्रीम खात होती. मी एका ओंडक्यावर बसून दुसऱ्या दिवशीच्या वेळा पुन्हा तपासल्या. परतताना अक्कानं ग्लासभर दूध चाखून निकाल दिला, "पातळ हाय. पर गोठा सवच्छ."

डोंगर

फाटकापाशी आमचा गाईड भेटला. जेफ्री, तिथल्याच दुसून लोकांपैकी, मध्यम वयाचा, कमी बोलणारा. त्याच्या लोकांत समजूत आहे की मेलेल्या माणसांचे आत्मे या डोंगरावर राहतात. मी ते अक्काला मराठीत सांगितलं. ती थबकली, पायातले बूट काढायला वाकली, मी "अक्का, बूट नाही!" म्हणून ओरडले, तेव्हा बुटासकट हात जोडून पुढे निघाली.

सुरुवातीलाच वाट खाली उतरते, ही या डोंगराची पहिली थट्टा. मग एक छोटा धबधबा, आणि तिथून पुढे पायऱ्या. लाकडाच्या, मुळांच्या, दगडांच्या, कुणा उंच माणसाच्या मापानं घातल्यासारख्या. शेवाळलेली झाडं, त्यांतून उतरणारं धुकं, आणि कडेला घटपर्णी लटकलेल्या, झाकणाच्या तांब्यासारख्या. प्रीती तरातरा पुढे. मी तिला सांगितलं, हळू चाल, दमानं घे, पाणी पी. तिनं मागे वळून अंगठा दाखवला. अक्का मागे, विसाव्याच्या प्रत्येक छपराखाली थांबून कुणाला ना कुणाला धपाटे खायला घालत. एका छपराखाली खारीनं तिच्या हातातला तुकडा पळवला. अक्का तिला मराठीतून शिव्या देत होती आणि एक जपानी जोडपं हसत होतं. पाठीवर गॅसची टाकी घेतलेला एक हमाल आम्हाला ओलांडून गेला, तेव्हा मात्र ती बराच वेळ त्याच्या पोटऱ्यांकडे बघत राहिली.

दुपारी पाऊस आला. त्यात आम्ही त्या मुक्कामाच्या घरापर्यंत पोचलो, तेव्हा प्रीतीचा चेहरा राखेसारखा झाला होता. उजेडातच जेवण वाढतात, कारण पहाटेच्या कितीतरी आधी उठून शिखराकडे निघायचं असतं. भात, गरम सूप, कोबी. प्रीतीनं वासानंच तोंड फिरवलं. डोकं ठणकत होतं. मग ओकारी. दोन मजली खाटांच्या त्या खोलीत मी तिच्यापुढं बादली धरून बसले आणि मनातल्या मनात तिला जे जे बोलले ते इथं लिहीत नाही. हळू चाल म्हटलं होतं. पाणी पी म्हटलं होतं.

निघायच्या वेळेला जेफ्री आला. त्यानं तिच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं, दोनचार प्रश्न विचारले. हिला वर नेणार नाही, म्हणाला. आता आहे त्याहून बिघडलं नाही तर सकाळी उजाडल्यावर उतरूया. पण हिच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं. एकटी ठेवायची नाही.

गाईड एकच होता. दोघींपैकी एकीनं जायचं, एकीनं थांबायचं.

मी अक्काकडे बघितलं. आता ती काय म्हणणार, हे मला माहीत होतं. तू जा गं, मी बसतो हिच्यापाशी, मला कुठं हौस हाय. इतके महिने ती तेच म्हणत आली होती. मी डोक्याला बॅटरी बांधलेली होती, बूट घातलेले होते. मी वाट बघत होते. अक्का खाटेच्या कडेला बसून नाडी बांधत होती. एक बूट झाला. दुसरा घेतला.

जेफ्री दारात उभा. कुणीतरी बोलायला हवं होतं. तेव्हा मी बोलले. आपण पाहुण्याला 'राहा की' म्हणतो आणि त्यानं 'नको, जायला पाहिजे' म्हणायचं असतं, अगदी त्या सुरात बोलले.

"अक्का, तुम्ही जावा. मी थांबते."

"बरं," अक्का म्हणाली. उठली, टोपी कानावर ओढली आणि गेली.

दार लागलं. मी बॅटरी डोक्यावर तशीच पेटती ठेवून बसले होते. प्रीती खाटेवरून कण्हत म्हणाली, "वैनी, उजेड डोळ्यावर येतोय."

नंतरचे तास मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. प्रीती झोपली. बाहेर सगळ्यांच्या बॅटऱ्यांची माळ खडकावर चढताना खिडकीतून दिसत होती आणि त्यातली एक अक्काची होती. खाटा मी मिळवल्या होत्या. त्या खडकावरच्या दोऱ्यांचे फोटो मी तोंडपाठ केले होते. तिला त्या शिखराचं नावसुद्धा धड येत नव्हतं, ती 'किनाबाळू' म्हणायची. मला रडू आलं नाही, संताप आला. तो कुणावर काढायचा हेही कळत नव्हतं, कारण 'जावा' मीच म्हटलं होतं.

उजाडलं तेव्हा ओट्यावर येऊन उभी राहिले. पावसानं आभाळ धुऊन निघालं होतं. खाली नजर पोचेल तिथवर ढग पसरले होते, सपाट, पांढरे, आणि त्यांच्या कडा हळूहळू गुलाबी होत होत्या. मागे खडकाची भिंत तांबूस झाली. इतकं सुंदर दृश्य मी जन्मात इतक्या रागानं बघितलेलं नाही.

ऊन चढल्यावर अक्का आली. पाय ओढत, एक गुडघा न वाकवता. नाक लाल, ओठ फुटलेले. जेफ्रीनं मला सांगितलं, गेली शेवटपर्यंत. सगळ्यात मागून, पण गेली. मी म्हटलं, "छान." अक्कानं दोन कप गोड चहा प्यायला आणि प्रीतीच्या कपाळाला हात लावून बघितला. आम्ही उतरायला लागलो.

जसजसं उतरत गेलो तसतशी प्रीती माणसात आली. खाली उतरणं हेच उंचीच्या त्रासाचं औषध, हे मी वाचलेलं होतं, पण ती इतकी लवकर बडबडायला लागेल असं नव्हतं वाटलं. निम्म्या वाटेवर तर ती जेफ्रीबरोबर फोटो काढत होती. मी बोलत नव्हते. अक्काचा गुडघा सुजलेला, प्रत्येक पायरीला ती कठड्याला धरून थांबायची. मी चार पायऱ्या पुढे जाऊन उभी राहायची, पाठ करून.

एका छपराखाली ती बसली. मीही बसले, जरा लांब.

"राग आलाय न्हवं?"

"नाही."

"आलाय. सकाळधरनं तोंड उघडलं न्हाईस."

मग मात्र माझं तोंड उघडलं ते मिटेना. खाटा, तारखा, चंद्री, बूट, चटणी, गोठा, सगळं निघालं. आवाज चढला असावा, कारण प्रीती वळून बघायला लागली आणि शहाणपणानं आणखी चार पायऱ्या खाली गेली. "आणि मी 'जावा' म्हटलं ते तुम्ही 'नको' म्हणाल म्हणून म्हटलं! एवढंही कळत नाही?"

"कळलं की," अक्का म्हणाली.

"कळलं होतं?"

"व्हय. तोंडानं जावा म्हणत हुतीस आन् डोळं न्हाई म्हणत हुतं. मला काय दिसत न्हाई?"

"मग?"

ती दोन्ही हातांनी गुडघा चोळत होती. "मग काय. मला जायाचं हुतं."

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि तसंच पुन्हा लावलं.

"पयल्या दिवसापास्नं जायाचं हुतं. धाकटीनं त्यो व्हिडिओ मला दावला, तवापास्नं. तुला पाठवायच्या आधी मला दावलाता तिनं."

"मग पोरींसाठी जातोय, हौस न्हाई, ते सगळं..."

"खोटं." ती अगदी सरळ बोलली, दुधात पाणी घातलंय का विचारल्यावर कुणी सरळ 'व्हय' म्हणावं तशी. "मला हौस हाय म्हणलं आस्तं तर कुणी सोडलं आस्तं? तुज्या अण्णानं? पोरींस्नी सांभाळाय जातो म्हणलं, लगीच सगळी हां म्हणली. तू तर लई खूश झालीस."

ते खरं होतं. माझ्या सगळ्या आखणीत अक्का ही एक अट होती, आणि ती पूर्ण झाल्यावर तिला स्वतःला काय हवंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पण म्हणून माझं शिखर गेलं ते काही परत येत नव्हतं.

"कसं होतं वर?" मी शेवटी विचारलं. न विचारता राहवलं नाही.

"दोरी धरून चढायचं. मोठाल्ला खडक, घागरीच्या बुडागत गुळगुळीत. वारा आसा की कानात कोण तरी वरडतंय. शेवटाला हातापायावर गेलो, लाज न्हाई वाटली, अंधारच हुता. मग उजाडलं." तिनं गुडघा सरळ केला. "खाली समुद्र दिसतो म्हणत हुता त्यो. मला काय कळला न्हाई. मी बसलो नुसता. तुमची आठवण आली म्हणून सांगू? न्हाई आली. तुझी न्हाई, धाकटीची न्हाई, घरातलं बी कुणी न्हाई. चंद्रीची बी न्हाई. कुणाचीच आली न्हाई बग."

हे बोलून ती जरा घाबरल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली.

राग गेला, असं मी लिहिणार नाही. कोल्हापुरात परतून बरेच दिवस झाले, रोज सकाळी कागलच्या रस्त्याला लागले की तो अजून अधूनमधून वर येतो. त्या मुक्कामाच्या घराच्या वरचा किनाबालू मला माहीत नाही, त्यामुळे त्याचं वर्णन मी इथं करू शकत नाही. पण त्या छपराखालून उठताना मी तिच्या पाठीवरची पिशवी काढून माझ्या खांद्याला अडकवली. तिनं नको म्हटलं नाही. माझ्या दंडाला धरून, आडवं पाऊल टाकत, ती एकेक पायरी उतरायला लागली.

"सावकाश," मी म्हणाले.

"सावकाशच चाललोय की," अक्का म्हणाली. "तूच पळतीयास."